पिंपरीचं पेनिसिलिन आणि जे. जे.मधलं ग्लिसरॉल

ज्यांना कानात इअरफोन घालून पाऊण तास ऐकायला वेळ नाही, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लेखी मजकूर. बोलताना जिथे जिथे अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी जसंच्या तसं आहे.

पिंपरीहून मेट्रोने पुण्याकडे निघालात की दुसरंच स्टेशन संत तुकारामनगर. त्या पट्ट्यात जुन्या मुंबई-पुणे रस्त्याला लागून झाडांनी भरलेला एक मोठा कारखाना आहे. इथली जुनी माणसं त्याला नुसतं ‘एचए’ म्हणतात. एचए कंपनी, एचए कॉलनी, एचए ग्राउंड. रिक्षावाल्याला ‘हिंदुस्तान अँटिबायोटिक्स लिमिटेड’ असं पूर्ण नाव सांगितलंत तर तो क्षणभर तुमच्याकडे बघत राहील. आजची गोष्ट या गेटपासून सुरू होते, मधे भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयात जाते, आणि दुर्दैवाने अगदी परवा-परवापर्यंत, म्हणजे २०२५ पर्यंत येते.

विषय आहे सप्लायर. हो, तोच, ज्याच्यामुळे चाकणला तुमची लाइन थांबते.

आपल्या ऐकणाऱ्यांपैकी बरेच जण पिंपरी, भोसरी, चाकणच्या कंपन्यांत ट्रेनी किंवा क्वालिटीत आहेत, हे तुमच्या मेसेजवरून कळतंच. तुम्हाला इनकमिंग इन्स्पेक्शन काय असतं ते मी सांगायला नको. वेंडरकडून माल आला, चार नग उचलले, गेज लावला, बसला तर घेतला, नाही बसला तर लाल टॅग आणि वेंडरला फोन. बोल्टचं एक बरं असतं, तो खोटा असला तर मापात सापडतो. पण समजा तुमच्यासमोर दोन पिंपं आहेत. दोन्हींत रंगहीन, दाट, गोडसर द्रव. वास नाही. एक पोटात गेलं तर औषध आणि दुसरं पोटात गेलं तर चार-पाच दिवसांत किडनी बंद. डोळ्यांनी, नाकाने, बोटाने फरक कळत नाही. आता लावा गेज.

या दोन पिंपांकडे परत येऊ. आधी एचए.

फाळणीनंतर पिंपरीत सिंधी निर्वासितांची वसाहत झाली होती, तेवढं सोडलं तर आजूबाजूला गावं आणि शेती. एमआयडीसी स्थापन झाली १९६२ मध्ये. म्हणजे आज आपण ज्याला औद्योगिक पट्टा म्हणतो त्याचा सरकारी पाया घातला जायच्या आठ वर्षं आधी, १० मार्च १९५४ ला, ही कंपनी नोंदवली गेली. औषधं बनवणारी ही केंद्र सरकारची पहिली कंपनी. यंत्रसामग्रीला युनिसेफची मदत आणि तांत्रिक मार्गदर्शनाला जागतिक आरोग्य संघटना. १९५५ मध्ये पेनिसिलिन बनायला लागलं. त्याआधी पेनिसिलिन म्हणजे परदेशातून येणारी वस्तू, किती येणार आणि कधी येणार हे दुसऱ्याच्या हातात.

पेनिसिलिन बनतं कसं, हे थोडं सविस्तर सांगतो, कारण सप्लायरचा सगळा खेळ तिथेच आहे. हे औषध रसायनं एकत्र करून ढवळलं आणि झालं, असं बनत नाही. ते एक बुरशी बनवते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत पिओरिया नावाच्या गावातल्या सरकारी प्रयोगशाळेत या बुरशीवर काम चाललं होतं. १९४३ मध्ये तिथल्याच बाजारातल्या एका बुरसटलेल्या खरबुजावर अशी बुरशी सापडली की जी आधीच्या बुरशीपेक्षा कितीतरी जास्त पेनिसिलिन देत होती. पुढे जगभरच्या कारखान्यांत वापरल्या गेलेल्या बहुतेक बुरशीचं मूळ त्या खरबुजात आहे. या बुरशीला वाढायला खाद्य लागतं. मक्यापासून स्टार्च काढताना जे दाट पाणी उरतं ते, साखरेचा एखादा प्रकार, आणि हवा तो पेनिसिलिनचा प्रकार मिळावा म्हणून फेनिलअॅसेटिक अॅसिड. शिवाय दिवसरात्र निर्जंतुक हवा.

यातलं एकही खाद्य एचएच्या आवारात तयार होत नव्हतं, सगळं बाहेरून. मक्याचं पाणी तर उपपदार्थ. आज आलेला टँकर आणि पुढच्या महिन्यातला टँकर सारखा असेलच असं नाही. बुरशी तक्रार करत नाही, फक्त उत्पादन कमी देते. आणि कुठून तरी चुकीचा जिवाणू आत शिरला की संपलं. काही जिवाणू पेनिसिलिन तोडणारं एन्झाइम सोडतात, म्हणजे आख्खी टाकी गटारात. फर्मेंटेशनच्या धंद्यात काम केलेली माणसं टाकीबद्दल बोलताना घरातल्या आजारी माणसाबद्दल बोलावं तशी बोलतात. रात्री तीन वाजता उठून तापमान बघणारी माणसं ती.

एक फाटा फोडतो, कारण हे सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही. एचएमध्ये नुसतं उत्पादन नव्हतं, संशोधनही होतं. एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून बुरशीविरोधी अँटिबायोटिक वेगळं केलं. औषधाचं नाव ठेवलं हॅमायसिन, त्यातलं ‘हॅ’ म्हणजे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स. आणि त्या सूक्ष्मजीवाचं नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. आपल्या पिंपरीचं नाव लॅटिन पद्धतीने विज्ञानाच्या पुस्तकात गेलंय, आणि पिंपरीतल्या किती जणांना हे माहीत आहे?

आता गाडी मुंबईला.

१९८६ ची जानेवारी-फेब्रुवारी. जे. जे. रुग्णालय, सरकारी, १८४५ पासूनचं, गरिबांचा आधार. मेंदूला सूज आली किंवा डोळ्यातला दाब वाढला तर तो कमी करायला त्या काळी ग्लिसरॉल तोंडाने पाजत. साधं, स्वस्त, वर्षानुवर्षांचं औषध. पण त्या दिवसांत काही रुग्णांची लघवी अचानक कमी होऊ लागली, मग बंद झाली, किडनी निकामी झाल्या. ज्यांचा मूळ आजार किडनीचा नव्हताच असे लोक किडनीने जाऊ लागले. डॉक्टरांनी एकेक धागा जुळवला तेव्हा सगळ्यांत समान निघाली ती ग्लिसरॉलची बाटली. १४ माणसं गेली.

बाटलीत काय होतं? ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेलं होतं, साधारण साडेअठरा टक्के. ते दुसरं पिंप आठवतंय? ते हेच. डायएथिलीन ग्लायकॉल हे औद्योगिक रसायन. ब्रेक ऑइलमध्ये, रेझिन बनवताना, सॉल्व्हंट म्हणून वापरतात. त्याचा सख्खा भाऊ एथिलीन ग्लायकॉल गाडीच्या कूलंटमध्ये असतो, म्हणजे आपल्या चाकण-भोसरी पट्ट्यात अगदी घरचा माल. दोघंही विषारी. दोघंही शुद्ध ग्लिसरिनपेक्षा सहसा स्वस्त. झालं असं होतं की उद्योगात वापरायच्या दर्जाचं ग्लिसरिन औषधी ग्लिसरॉल म्हणून रुग्णालयाच्या पुरवठ्यात शिरलं होतं.

मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांचा चौकशी आयोग नेमला गेला. जुन्या पेपरांत ‘लेंटिन आयोग’ हा शब्द तुम्ही वाचला असेल, कदाचित आई-बाबांच्या तोंडून ऐकला असेल. आयोगाला एक लबाड पुरवठादार शोधून थांबता आलं असतं. पण लेंटिन थांबले नाहीत. रुग्णालयातली औषधखरेदी कशी होते, अन्न व औषध प्रशासन कुणाला परवाना देतं आणि कुणाकडे काणाडोळा करतं, निकृष्ट ठरलेला माल पुन्हा पुन्हा कसा स्वीकारला जातो, आणि या साखळीचं वरचं टोक मंत्रालयात कुठपर्यंत जातं, हे सगळं अहवालात आलं. १९८८ मध्ये अहवाल लोकांसमोर आला आणि आरोग्यमंत्री भाई सावंत यांना राजीनामा द्यावा लागला. मुंबईतले न्यूरोसर्जन डॉ. सुनील पंड्या यांनी त्याच वर्षी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये या प्रकरणावर लिहिलं, त्यामुळे जगभरच्या डॉक्टरांना ते कळलं.

माझं वैयक्तिक मत विचाराल तर या प्रकरणात सगळ्यात भयानक गोष्ट विष ही नाहीच. भयानक गोष्ट ही की विषाला एकही दार बंद मिळालं नाही. बनवणारा, परवाना देणारा, टेंडर उघडणारा, स्टोअरमध्ये उतरवून घेणारा, प्रत्येकाने धरून चाललं की आपल्या आधीच्याने बघितलं असेल. शॉपफ्लोअरवर काम करणाऱ्याला हे वाक्य ओळखीचं वाटेल. ‘लॉट क्लिअर आहे ना? मग घे.’

बरं, हे विष जगाला नवीन होतं का? अजिबात नाही. १९३७ मध्ये अमेरिकेत एका कंपनीने सल्फा औषधाचं पातळ रूप करायला डायएथिलीन ग्लायकॉल वापरलं, कारण त्यात गोळीची पूड छान विरघळत होती आणि चव गोड लागत होती. विषारी आहे का, हे कुणी तपासलंच नाही. शंभरावर माणसं मेली, त्यात बरीच लहान मुलं, आणि त्या धक्क्यातून अमेरिकेचा १९३८ चा औषध कायदा आला. भारतातही १९३०-३१ मध्ये सर रामनाथ चोप्रांच्या समितीने बनावट आणि निकृष्ट औषधांचा विषय मांडला होता, त्यातून १९४० चा औषध कायदा आला, तोच आजही पाया आहे. म्हणजे जे. जे.ची घटना घडली तेव्हा हे विष माहीत होऊन एकोणपन्नास वर्षं झाली होती.

१९८८ मध्ये शेड्यूल एम नावाच्या नियमावलीतून औषधं चांगल्या पद्धतीने कशी बनवावीत याचे निकष आपल्याकडे कायद्यात आले. २००१ मध्ये ते सुधारले. २०२३ च्या अखेरीस पुन्हा सुधारले, आणि आता त्यात जोखीम व्यवस्थापन, सप्लायरची पात्रता तपासणं हे शब्द ठळकपणे आहेत.

आता थोडं तांत्रिक. कंटाळू नका, इथेच खरी गंमत आहे. औषध कंपनी कच्चा माल घेते तेव्हा त्यासोबत एक कागद येतो, सीओए. म्हणजे हा माल आम्ही तपासला आणि तो असा असा आहे, असं सप्लायरचं पत्र. चांगली कंपनी काय करते? एक, कागदावर विश्वास ठेवायच्या आधी सप्लायरच्या कारखान्यात जाऊन बघते. दोन, मधला दलाल कोण आहे ते विचारते, आणि दलालाच्या मागे मूळ उत्पादक कोण ते शोधते. तीन, माल आल्यावर स्वतः नमुना काढते, तोही एका पिंपातून काढून बाकीची सोडून देत नाही. आणि ग्लिसरिनसारख्या मालाची ओळख पटवताना डायएथिलीन ग्लायकॉल आहे का, हे क्रोमॅटोग्राफीने वेगळं तपासते. अमेरिकेच्या औषधकोशात आज त्याची मर्यादा ०.१ टक्का आहे. जुन्या पद्धतीच्या घनता, रंग असल्या चाचण्या इथे सहज फसतात.

दलालाचा मुद्दा मी उगाच घेतला नाही. २००६ मध्ये पनामात सरकारी सर्दी-खोकल्याच्या औषधातून हेच विष गेलं. ती ४६ पिंपं चीनमधून निघाली, स्पेनमधल्या व्यापाऱ्याकडून पनामात आली, आणि वाटेत कागद पुन्हा टाइप होत गेले. प्रत्येक टप्प्यावर आधीच्याचं नाव गळालं. शेवटी पिंपावर लिहिलं होतं ते ९९.५ टक्के शुद्ध ग्लिसरिन. कागद एकदम परफेक्ट होता!

इथपर्यंत गोष्ट दर्जाची झाली. जोखीम ही वेगळी भानगड आहे, आणि त्यासाठी परत एचएच्या गेटवर यावं लागतं.

सप्लायर अगदी प्रामाणिक असेल, माल शंभर नंबरी असेल, तरी तुम्ही गोत्यात येऊ शकता. कधी? तो एकटाच असेल तेव्हा.

एचएनंतर देशात आयडीपीएलचा ऋषिकेशचा कारखाना आला, पुढे खासगी कंपन्याही पेनिसिलिन जी बनवू लागल्या. पेनिसिलिन जी हा आईसारखा पदार्थ. त्यातून ६-एपीए नावाचा मधला पदार्थ निघतो, आणि त्यातून अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन. घसा धरला म्हणून डॉक्टर तुम्हाला जी कॅप्सूल देतात ना, तिचं माहेर हे. मग १९९१ नंतर आयात खुली झाली. चीनने प्रचंड मोठे फर्मेंटेशन प्लांट उभे केले, वीज स्वस्त, सरकारचा हात पाठीवर, आणि भाव इतके खाली आणले की इथे टाकी चालवण्यापेक्षा तिथून ड्रम मागवणं स्वस्त पडू लागलं. एकेका भारतीय प्लांटने फर्मेंटर थंड केले. एचए तर आधीच जुनी यंत्रं, औषधांवरचं किंमत नियंत्रण आणि सरकारी कारभार यांत अडकलेली. १९९७ मध्ये ती आजारी कंपनी ठरली. पुढे पगार थकण्याच्या, जमीन विकून देणी भागवण्याच्या बातम्या येत राहिल्या. २०१६ च्या डिसेंबरात केंद्रीय मंत्रिमंडळाने अतिरिक्त जमीन विकायचा निर्णय घेतला तेव्हा पिंपरीत त्याची चर्चा औषधाच्या अंगाने कमी आणि प्लॉटच्या अंगाने जास्त झाली. असो.

इथे मला कुणालाही खलनायक करायचं नाही. पर्चेस मॅनेजरच्या खुर्चीत मी असतो तर मीही स्वस्त ड्रमच मागवला असता. प्रत्येक कंपनीचा निर्णय तिच्यापुरता बरोबर होता. सगळ्यांनी तोच घेतला आणि देशाचा मिळून एकच सप्लायर उरला. गेल्या दशकाच्या अखेरीस भारताच्या आयात औषधी कच्च्या मालातला जवळपास दोन तृतीयांश हिस्सा चीनचा होता, आणि पेनिसिलिन जीसारख्या काही पदार्थांत तर जवळजवळ सगळाच.

मग धक्के बसायला लागले. २०१६ मध्ये चीनच्या शांडोंग प्रांतात एका कारखान्यात स्फोट झाला आणि जगभरच्या रुग्णालयांत पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम या महत्त्वाच्या अँटिबायोटिकची टंचाई झाली. एक कारखाना, हं! २०१७ मध्ये चीनने प्रदूषणावर कारवाई केली, कारखाने बंद झाले, भाव चढले. २०२० च्या सुरुवातीला वुहान बंद झालं, तेव्हा ३ मार्चला भारताने पॅरासिटामॉलसह २६ कच्च्या मालांच्या आणि औषधांच्या निर्यातीवर बंधन घातलं. त्याच वर्षी गलवाननंतर चिनी माल बंदरांवर आणि विमानतळांवर अडकला आणि औषध कंपन्यांचे लोक दिल्लीला फोन करत बसले.

त्याच मार्चमध्ये सरकारने ६,९४० कोटींची पीएलआय योजना मंजूर केली, म्हणजे हे कच्चे माल इथे बनवा आणि प्रोत्साहन घ्या. त्यातून आंध्रात काकीनाड्याला अरबिंदोच्या लायफियस कंपनीचा पेनिसिलिन जीचा प्लांट उभा राहिला, वर्षाला १५,००० टन क्षमतेचा. २०२४ मध्ये तो सुरू झाला. बातम्यांत ‘भारत पुन्हा पेनिसिलिन बनवणार’ असं आलं, आणि त्यातला ‘पुन्हा’ हा शब्द पिंपरीकर म्हणून मला टोचला. चिनी भावाशी झुंज मात्र संपलेली नाही. मोठ्या क्षमतेच्या प्लांटला वर्षानुवर्षं गिऱ्हाईक हवं, आणि गिऱ्हाईक म्हणजे तोच पर्चेस मॅनेजर, जो ड्रमचा भाव बघतो.

आणि आता २०२५. हा भाग करायचं कारण तेच.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यातली लहान मुलं किडनी निकामी होऊन दगावू लागली. छिंदवाडा म्हणजे नागपूरचा शेजार. त्यातल्या कित्येक मुलांना उपचारासाठी नागपुरात आणलं होतं आणि काहींनी नागपूरच्याच रुग्णालयांत शेवटचा श्वास घेतला. वीसहून अधिक मुलं. कारण निघालं कोल्ड्रिफ नावाचं खोकल्याचं सिरप, कांचीपुरमच्या स्रेसन कंपनीचं. तामिळनाडूच्या तपासणीत त्यात डायएथिलीन ग्लायकॉल सापडलं ४८.६ टक्के. म्हणजे जवळपास अर्धी बाटली. या सिरपमध्ये प्रोपिलीन ग्लायकॉल हे द्रावक वापरलं जातं, आणि ते औषधी दर्जाचं नसलेलं घेतल्याचं तपासणीत पुढे आलं.

जून २०२३ पासून आपल्याकडून निर्यात होणारं खोकल्याचं सिरप सरकारी किंवा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासूनच बाहेर पाठवावं लागतं, कारण २०२२ मध्ये गांबियात भारतीय सिरपशी जोडलेले मुलांचे मृत्यू झाले आणि जगभर बोंब झाली. छिंदवाड्याची बाटली निर्यातीची नव्हती.

जे. जे.ला १४ माणसं गेली तेव्हा क्रोमॅटोग्राफीचं यंत्र ही मोजक्या ठिकाणची गोष्ट होती. आज मोबाइलवर पुण्यातल्या किमान डझनभर खासगी लॅबचे नंबर सापडतात. सीओए मेलवर येतो, पेमेंट यूपीआयने होतं, ड्रमचा फोटो व्हॉट्सअॅपवर येतो. तपासणीला लागतो तो एक दिवस आणि काही हजार रुपये, ते मात्र अजून कुणीतरी वाचवतंय.

तुमच्या घरात आत्ता सिरपची बाटली असेल तर लेबल बघा. ‘मॅन्युफॅक्चर्ड बाय’ आणि ‘मार्केटेड बाय’ या दोन ओळी बऱ्याचदा वेगळ्या असतात. मोठ्या अक्षरात असतं ते विकणाऱ्याचं नाव. बनवणाऱ्याचा पत्ता आणि परवाना क्रमांक बारीक अक्षरात, बॅच नंबरच्या आसपास. ग्लिसरिन किंवा प्रोपिलीन ग्लायकॉल कुणाकडून आलं हे लेबलवर कुठेच नसतं. पाच वर्षांखालच्या मुलाला खोकल्याचं सिरप स्वतःच्या मनाने तर देऊच नका, आधी डॉक्टरला विचारा.

एचएमध्ये फर्मेंटरवर काम केलेलं कुणी तुमच्या घरात, शेजारात असेल तर प्लीज आम्हाला व्हॉइस नोट पाठवा. मक्याच्या पाण्याच्या टँकरचा वास कॉलनीपर्यंत यायचा का, हे मला खरंच जाणून घ्यायचंय. पुढच्या भागात भेटू.